एक ॲक्शन, तीन काडतुसे

रायफलची नळी बदलता येते. परंतु काडतूस आत घेऊन स्फोटाचा दाब पेलणारी ॲक्शन हेच तिचे स्थिर भांडवल होय. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्याचा इतिहास याची साक्ष देतो. तेथे ली-एनफिल्डची ॲक्शन .३०३ काडतुसासाठी, अर्थात परिचित ‘थ्री-नॉट-थ्री’साठी, बनत असे. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, या ब्रिटिश धोरणापायी त्याच ॲक्शनवर .३१५ ची नळी बसवून शिकारी रायफल सिद्ध झाली. दोन्ही काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कडा असल्याने हा बदल सुकर ठरला.

१९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरचे काडतूस आले. त्याला तशी कडा नव्हती आणि दाबही अधिक होता. त्यामुळे केवळ नळी बदलून भागले नाही; ॲक्शनसाठी अधिक मजबूत पोलाद वापरावे लागले, मॅगझिन व काडतूस ओढणारा आकडाही बदलावा लागला. २ए आणि २ए१ या रायफली अशा घडल्या.

जुना आराखडा राखल्याने कारागिरांचे कौशल्य वाया गेले नाही. मात्र सैनिकाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होणाऱ्या स्फोटाच्या बाबतीत काटकसर चालत नाही. जुन्या चौकटीत नवी योजना बसवणाऱ्या प्रशासकानेही आधी चौकटीचे बळ तपासावे.