शब्दवेध : एकांत

'एक' आणि 'अंत' मिळून 'एकांत' झाला. इथला अंत शेवटाचा नव्हे. संस्कृतात त्याला कड, बाजू असेही अर्थ आहेत. 'प्रांत', 'सीमांत' यांतला तोच. म्हणून एकांत ही कडेची, निवांत जागा. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'सर्वस्वी, एकाच गोष्टीपुरते'. 'ऐकांतिक' त्यातून आला.

रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) दोन्ही अर्थ जगले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगल्यावर पुढे सुमारे चाळीस वर्षे ते देसाईंच्या 'अनंत निवासा'त राहिले. रान गाठले नाही. भोवती नांदते घर होते. तिथे ज्ञानेश्वरी मुरत गेली आणि 'अभंग ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. गरजा आटोपशीर असल्या की एकांताला गुहा लागत नाही, खोली पुरते.