विकणारा आणि घेणारा: नंदुरबारच्या आठवडे बाजारांचा इतिहास

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, तरी नंदुरबार हे व्यापारी गाव त्याहून कितीतरी शतके जुने असून, सुरत बंदर आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणाऱ्या मार्गावर ते वसलेले होते. अकबराच्या राजवटीत ते माळवा सुभ्यातील एका 'सरकार'चे, म्हणजे अनेक परगणे मिळून बनलेल्या महसुली विभागाचे, मुख्य ठिकाण होते, आणि सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतांतही त्याचे नाव येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून नवापूर-नंदुरबारमार्गे अमळनेरकडे लोहमार्ग आला आणि येथील पेठेचा सुरतेशी असलेला जुना संबंध अधिक घट्ट झाला. पेठेची ही भरभराट मात्र तापीकाठच्या सपाटीची होती. सातपुड्याच्या डोंगरात, आजच्या अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत, व्यापाराचे रूप वेगळेच राहिले.

तेथे व्यापार म्हणजे आठवडे बाजार, म्हणजे ठरलेल्या गावी ठरलेल्या वारी भरून त्याच दिवशी मोडणारा बाजार, ज्याला सातपुड्यात हाट असेही म्हणतात. भिल्ल आणि पावरा कुटुंबे चैत्रात वेचलेली मोहफुले, उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी वाळवून केलेला आमचूर, चारोळी, डिंक, शिवाय कोंबड्या आणि घरचे धान्य घेऊन पाड्यांवरून पायी येत, आणि त्याच पैशांतून मीठ, तेल, कापड, विळे व भांडी घेऊन संध्याकाळपूर्वी परतत. बाजाराला येणारा माणूस सकाळी विक्रेता आणि दुपारी गिऱ्हाईक असे, हे या व्यवस्थेचे मुख्य वैशिष्ट्य होते आणि बऱ्याच अंशी आजही आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्या त्या गावच्या बाजाराच्या वारी भोंगऱ्या बाजार भरतो, ज्यात होळीसाठी लागणारे दाळ्या-गूळ, हार-कडे, नवे कपडे व दागिने यांची खरेदी ढोलांच्या गजरात होते. वर्षातील ती सर्वांत मोठी उलाढाल असल्याने व्यापारी तिची वाट पाहत असतात.

या बाजाराचे केवळ गुणगान करणे अन्यायाचे ठरेल. माल घेणारा व्यापारी आणि मीठ-तेल विकणारा व्यापारी बहुधा एकच असल्याने भाव आणि माप दोन्ही त्याच्या हाती असत, आणि पावसाळ्यात उधार दिलेल्या धान्याच्या बदल्यात पुढचे पीक आधीच त्याच्याकडे बांधलेले असे. हाच पाश तोडण्यासाठी 1972 मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि 1976 च्या कायद्याच्या आधारे एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे ठरावीक शेतमाल व वनोपज खासगी व्यापाऱ्याऐवजी महामंडळानेच विकत घेण्याची योजना, राबवली गेली. तिच्या जोडीला पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी खावटी कर्ज आले. गरिबाला स्वस्त वस्तू पुरवण्याआधी त्याच्या मालाला रास्त भाव मिळाला पाहिजे, हे या योजनेमागचे निदान अचूक होते, आणि या प्रदेशातील किरकोळ व्यापाराचा कोणताही विचार आजही तेथूनच सुरू व्हायला हवा.

शहरातील मोठ्या दुकानाचा उगम याच्या अगदी उलट परिस्थितीत झाला. विभागीय भांडार, म्हणजे अनेक प्रकारचा माल विभागवार मांडून प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत लावणारे दुकान, पॅरिसमध्ये 'बाँ मार्शे'च्या रूपाने वाढले, ज्यात अरिस्तीद बूसिको 1852 मध्ये भागीदार झाला; ब्रिटिशकालीन मुंबईत व्हाइटअवे लेडलॉ आणि अकबरअलीज यांनी तोच नमुना आणला. घासाघीस न करता सर्वांना एकच भाव ही त्याची खरी देणगी होती, आणि ज्याने काट्यात फसवणूक सोसली आहे त्याला तिचे मोल अधिक कळते. पण हे दुकान महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या ग्राहकावर उभे असते. तो आधारही नेहमी पुरेसा ठरलेला नाही: अमेरिकेतील सिअर्सने 2018 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि भारतात बिग बझारची दुकाने 2022 मध्ये बंद झाली.

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि त्यांपैकी अनेकांचे उत्पन्न पीक, वनोपज आणि हंगामी मजुरी यांवर अवलंबून असल्याने पैसा महिन्याच्या नव्हे तर हंगामाच्या हिशेबाने येतो. नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे ओली लाल मिरची वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर, राबणाऱ्या मजुरांचा हिशेबही तसाच हंगामी असतो. तालुक्यांच्या गावी मोठी दुकाने येतील आणि नोकरदारांना ती सोयीची ठरतील, यात शंका नाही. परंतु आमचूर घेऊन आलेल्या बाईला ज्या दुकानात फक्त खरेदीच करता येते, ते तिचा बाजार होऊ शकत नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी बाजार फी घेऊन थांबू नये. प्रत्येक बाजारतळावर सावली, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी शौचालय आणि कोणालाही आपला माल तोलून पाहता येईल असा प्रमाणित काटा असलाच पाहिजे.