स्वतःच बांधलेला खोडा

लस टोचताना जनावराला हलता येऊ नये म्हणून त्याला खोड्यात घालतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या नातलगांच्या रँचवर टेंपल ग्रँडिन या स्वमग्न मुलीने पाहिले, की दोन्ही बाजूंच्या फळ्यांचा दाब बसताच काही गुरे शांत होतात. तिला घट्ट दाब हवासा वाटे, पण माणसाची मिठी सोसवत नसे. अठराव्या वर्षी, 1965 च्या सुमारास, तिने स्वतःसाठी तसाच खोडा बांधला. दाब किती आणि किती वेळ, हे तीच ठरवी. महाविद्यालयातल्या मानसतज्ज्ञांना हे विक्षिप्त वाटले. त्याच 1965 मध्ये 'लाइफ' मासिकाने लॉस एंजेलिसमधल्या इवार लोवास यांच्या उपचारांचा सचित्र वृत्तांत छापला. तिथे स्वमग्न मुलांना वळण लावायला थपडा आणि विजेचे झटके होते. स्वमग्नतेच्या इतिहासात 'स्वनियंत्रण' हा शब्द बराच काळ फसवा राहिला तो इथेच: त्यातला 'स्व' बहुधा उपचार करणाऱ्याचा असे. (आपला 'स्वमग्न' हा शब्दही बाहेरून पाहणाऱ्याचाच.)

ग्रँडिनच्या यंत्राचा पुरावा तोकडा आहे, हा आक्षेप खरा. 1999 च्या अभ्यासात दाबामुळे ताण उतरलेला दिसला, पण मुले होती अवघी 12. तेवढ्यावरून दाबाला औषध म्हणता येत नाही. मात्र माझा मुद्दा दाबाचा नाही, तो कोणाच्या हातात होता याचा आहे. स्वमग्न व्यक्तींच्या हात फडफडवणे, डुलणे अशा हालचालींना लोवास यांची परंपरा मोडायची खोड मानत होती. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी 32 स्वमग्न प्रौढांनाच त्याबद्दल विचारले. अंगावर येणारा गोंगाट किंवा भावनांचा लोंढा आवरायला या हालचाली उपयोगी पडतात, असे अनेकांनी सांगितले. त्या बंद पाडणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. मग डोके भिंतीवर आपटणाऱ्यालाही तसेच सोडायचे का? अर्थातच नाही. पण इजा थांबवणे वेगळे आणि लोकांच्या डोळ्यांना खुपते म्हणून थांबवणे वेगळे. जुन्या उपचारांनी ही दोन्ही एकाच दावणीला बांधली. संवेदनांची अतितीव्रता किंवा मंदता अमेरिकी निदानपुस्तिकेच्या निकषांत आली तीच मुळी 2013 मध्ये. तोवर या हालचाली कशाला उत्तर देतात, हे निदान करणाऱ्याला विचारावेच लागत नव्हते.

ग्रँडिन यांनी 2010 मध्ये एका मुलाखतीत सांगितले, की यंत्र दोन वर्षांपूर्वी मोडले आणि दुरुस्त करायचे राहूनच गेले. आता त्या माणसांना मिठी मारतात.