नेपल्सने फेडलेला नवस : संत जेन्नारो यांच्या विश्वस्त मंडळाची वाटचाल

१३ जानेवारी १५२७ रोजी नेपल्स शहराच्या प्रतिनिधींनी एका संताशी करार केला. कॅथेड्रलमध्ये, नोटरीसमोर, रीतसर कागदावर. शहरात प्लेगने थैमान घातलं होतं आणि फ्रेंच-स्पॅनिश युद्धाची झळ दाराशी आली होती. संत जेन्नारो, आम्हाला यातून सोडव, आम्ही तुझ्यासाठी नवं चॅपल बांधू, अशी बोली झाली. त्यासाठी दहा हजार डुकाटांचा आकडाही लिहून ठेवला गेला. ज्यांच्याशी हा करार झाला त्या बिशपांना रक्तसाक्षी होऊन तेव्हा बाराशेहून अधिक वर्षं झाली होती. नेपल्सकरांच्या लेखी मात्र ते हयातच होते.

या कागदातून जी संस्था उभी राहिली ती आजही काम करते. तिच्या इटालियन नावातला पहिला शब्द ‘देपुताझिओने’. आपल्याकडे तिला विश्वस्त मंडळच म्हटलं असतं. मला या मंडळाचं अप्रूप वाटतं ते त्याच्या खजिन्यासाठी नव्हे. संताची सेवा धर्मगुरूंच्या किंवा राजाच्या हाती न देता शहराने ती स्वतःकडे ठेवली आणि चारशेहून अधिक वर्षं निभावली, ही गोष्ट मोठी आहे.

जेन्नारो हे बेनेव्हेन्तोचे बिशप. सम्राट डायोक्लेशियनच्या छळाच्या काळात, तुरुंगातल्या एका उपयाजकाला भेटायला गेले असताना त्यांनाही पकडलं आणि इ. स. ३०५ मध्ये पोत्सुओलीजवळ त्यांचा शिरच्छेद झाला, असं परंपरा सांगते. युसेबिया नावाच्या स्त्रीने त्यांचं रक्त दोन कुप्यांत भरून घेतलं, हेही त्याच परंपरेतलं. त्यांच्या आयुष्याचा समकालीन लेखी पुरावा जवळजवळ नाही. भक्तीचा पुरावा मात्र जुना आहे : नेपल्सच्या भुयारी दफनभूमीत पाचव्या शतकातलं त्यांचं भित्तिचित्र आजही दिसतं. नवव्या शतकात बेनेव्हेन्तोच्या सरदाराने त्यांच्या अस्थी पळवून नेल्या, त्या १४९७ मध्ये परत आल्या. शीर आणि रक्त तेवढं शहरातच राहिलं होतं. कुपीतलं सुकलेलं रक्त पातळ झाल्याची पहिली लेखी नोंद १३८९ची आहे.

प्लेग ओसरला. नवस बोलून झाला होता, पण फेडायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या. अखेर १६०१ मध्ये शहराने बारा जणांचं मंडळ नेमलं. तेव्हा नेपल्सचा कारभार सहा गटांत वाटलेला होता, पाच सरदार घराण्यांचे आणि एक सामान्य नागरिकांचा. प्रत्येकाचे दोन प्रतिनिधी मंडळावर आले. शिंपी-लोहारांच्या गल्लीलाही एकेका सरदार गटाइतक्याच जागा मिळाल्या, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

८ जून १६०८ रोजी कॅथेड्रलला लागून पायाचा दगड बसला. आराखडा फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी यांचा, ते स्वतः थिएटाइन संघाचे धर्मगुरू. बांधकाम पुढे सरकत राहिलं. अडलं ते चित्रांपाशी. मंडळाला उत्तमातला उत्तम चित्रकार हवा होता आणि तो बाहेरचा असला तरी चालणार होता. नेपल्सच्या चित्रकारांना ते चालणार नव्हतं. ग्विदो रेनी आले, त्यांच्या नोकराला कुणीतरी बेदम मारलं, ते निघून गेले. मग १६३१ मध्ये दोमेनिकीनो आले. धमक्यांना कंटाळून तेही एकदा पळाले, परत आले आणि काम अर्धवट टाकून १६४१ मध्ये नेपल्समध्येच वारले. विषप्रयोगाची कुजबुज शहरभर होती. घुमट पुढे लान्फ्रान्को यांनी रंगवला. उजव्या वेदीवर रिबेरांचं तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र आहे : पेटलेल्या भट्टीतून बिशप हातही न भाजता बाहेर येताहेत आणि भोवतीचे लोक एकमेकांवर कोसळताहेत. ते १६४६चं, चॅपल खुलं झालं तेही त्याच वर्षी. सगळ्या भानगडींत मंडळाने आपला आग्रह सोडला नाही, याचं मला कौतुक वाटतं. दुय्यम काम करून घेऊन नवस फिटला म्हणणं सोपं होतं.

मग दानाचा ओघ सुरू झाला. चांदीचे अर्धपुतळे, सोन्याचा हार, १७१३ मध्ये मातेओ त्रेलिया यांनी घडवलेला साडेतीन हजारांहून अधिक रत्नांचा बिशपांचा मुकुट. हार १६७९चा, पण त्यात भर पडतच गेली. बूर्बोन राजाने क्रूस दिला, नेपोलियनच्या भावाने दिला. साव्होयच्या राजघराण्यातली मारिया होसे दर्शनाला आली तेव्हा जवळ भेट नव्हती, म्हणून तिने बोटातली अंगठी काढून दिली. तीही त्याच हारात आहे. राजवटी एकमेकींच्या मुळावर उठल्या, हार एकच राहिला.

वर्षातून तीनदा रक्ताची कुपी बाहेर येते : मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, १९ सप्टेंबरच्या सणाला, आणि १६ डिसेंबरला, १६३१च्या व्हेसुव्हियस उद्रेकातून शहर वाचलं त्या आठवणीत. वेदीमागच्या भिंतीत तिजोरी आहे. तिला दोन किल्ल्या लागतात, एक आर्चबिशपांच्या बाजूची, एक मंडळाची. एकाला दुसऱ्यावाचून ती उघडता येत नाही. आतून दांडीला धरायचं गोल काचेचं पात्र निघतं. त्यात दोन कुप्या : एक अर्ध्याहून जास्त भरलेली, दुसरीत नुसते डाग. पुढच्या रांगेत काही वृद्ध बायका बसलेल्या असतात. त्यांना ‘संत जेन्नारोंच्या नातेवाईक’ म्हणतात आणि हा मान घराण्यात चालत येतो. त्या जुन्या नेपोलिटन बोलीत लितानी म्हणतात, विनवतात आणि उशीर झाला तर संताला हक्काने रागावतातही. धर्मगुरू पात्र आडवं-उभं करून पाहतात. आतला काळपट गोळा हलला, काचेवरून ओघळला, की मंडळाचा एक सदस्य पांढरा रुमाल हलवतो आणि टाळ्यांनी घुमट भरून जातो.

चर्चने याला अधिकृतपणे चमत्कार म्हटलेलं नाही. १९९१ मध्ये तीन इटालियन शास्त्रज्ञांनी हलवल्यावर पातळ होणारं तसंच मिश्रण बनवून दाखवलं. मूळ कुपी मात्र बंदच आहे. माझ्या मते भाविकांची श्रद्धा या वादावर अडून नाही. रक्त पातळ झालं नाही असेही दिवस येतात, १६ डिसेंबर २०२० हा तसाच होता, आणि लोक घरी जाऊन पुढच्या तारखेची वाट पाहतात.

हे नातं रुसव्याफुगव्याचंही आहे. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात असताना रक्त पातळ झालं. संत शत्रूला सामील झाले, असं लोकांना वाटलं. बूर्बोन राजा परतल्यावर जेन्नारोंचा पालकसंताचा मान काढून संत अंतोनींना दिला गेला. काही वर्षांनी राग निवळला आणि जेन्नारो पुन्हा आपल्या जागी आले.

दुसऱ्या महायुद्धात खजिना व्हॅटिकनमध्ये सुरक्षित ठेवला होता. १९४७ मध्ये तो परत आणायचा तर रस्ते उखडलेले, वाटेवर लुटारू. हे काम जुझेप्पे नाव्हारा या काळ्या बाजारात पैसा केलेल्या माणसाने अंगावर घेतलं. एका वृद्ध सरदाराला सोबत घेऊन त्याने सगळा ऐवज सुखरूप आणला आणि बक्षीस स्वतःकडे ठेवलं नाही. एरवी अशा माणसाच्या हाती कुणी घराची किल्लीही दिली नसती.

२००३ मध्ये कॅथेड्रलशेजारी संग्रहालय उघडलं. नंतर हार आणि मुकुट रोम-पॅरिसलाही दाखवले गेले. मंडळ आजही धर्मगुरूंचं नाही. शहराचा महापौर त्याचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. २०१६ मध्ये इटलीच्या गृहमंत्रालयाने काढलेल्या आदेशाने काही सदस्य नेमण्याचा अधिकार चर्चकडे जाणार होता. तेव्हा नेपल्सकर पांढरे रुमाल घेऊन कॅथेड्रलपाशी जमले. त्यांत रोज मिस्साला जाणारे होते आणि वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेलेही. आर्चबिशपांशी त्यांचं भांडण नव्हतं. नवस शहराने बोलला होता आणि कागदावर सही शहराची होती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.