सुट्या कागदाला धनी हवा

श्रोतेहो, वर्तमानपत्राची घडी उघडावी आणि आतून एखादा रंगीत कागद खाली पडावा, असे तुमच्या घरी किती वेळा झाले असेल! कधी तो बियाण्याचा, कधी कापडदुकानाचा, कधी सभेचा. मुले त्याची होडी करतात, नाहीतर तो डब्याच्या तळाशी जातो. पण तो अंकात कोणी घातला, त्याचे पैसे कोणी दिले आणि त्यातले शब्द कोणाचे, हे आपण विचारीत नाही. आज या सुट्या कागदाचीच हकीकत सांगावयाची आहे. कागद क्षुल्लक खरा. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ही हकीकत जिवापर्यंत येऊन पोहोचली आहे.

आपल्या देशात १८५४ साली टपालाची सर्वत्र चालणारी तिकिटे निघाली. १८७७ साली व्ही. पी.ची सोय झाली आणि १८७९ साली पाव आण्याचे कार्ड आले. पुण्यामुंबईच्या व्यापाऱ्याला खेड्यातले गिऱ्हाईक सापडण्याची ही वाट. याच सुमारास, १८८१ साली, पुण्यास 'केसरी' सुरू झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळातच 'लोकमत' साप्ताहिक काढले. अशा पत्रांचा गावोगावच्या वर्गणीदारांना आधार टपालाचा. अंकाची घडी घालायची, वर कागदाची पट्टी गुंडाळायची, पत्ता लिहायचा आणि गठ्ठा पोस्टात टाकायचा.

आता व्यापाऱ्याचे डोके कसे चालते पाहा. वर्तमानपत्राला टपालखाते सवलतीचा दर देते. मग माझे पत्रक त्याच घडीत सरकवले तर? अंकाच्या पाठीवर बसून माझाही कागद स्वस्तात गावोगाव जाईल!

१८९८ च्या टपाल कायद्याने या युक्तीला लगाम घातला. सवलत हवी तर पत्र निदान एकतीस दिवसांतून एकदा निघाले पाहिजे आणि त्याला खरेखुरे वर्गणीदार असले पाहिजेत. सोबतची पुरवणी अंकाचाच भाग धरली जाईल, पण केव्हा? तिची तारीख अंकाचीच असेल, तिच्यातला बराचसा मजकूर वर्तमानपत्राला शोभेल असा असेल, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पत्राचे नाव व तारीख छापलेली असेल, तेव्हा. म्हणजे कायद्याने सुट्या कागदाला विचारले, "बाबा, तू कोणाचा?" त्याआधीच १८६७ च्या छापखान्याच्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण सक्तीचे केले होते. हे दोन्ही कायदे आता राहिले नाहीत; त्यांच्या जागी २०२३ चे नवे कायदे आले. पण निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता हवा, हा नियम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आजही आहे. तत्त्व एकच. सुटा कागद मूळ अंकापासून वेगळा झाला की पोरका होतो, म्हणून त्याचा धनी त्याच्या अंगावरच लिहिलेला असावा.

हाताने घडी घालण्याचे काम आता मोठ्या शहरांत यंत्रे करतात. बँकेचे किंवा विमा कंपनीचे पत्र लाखोंनी निघते आणि त्याच पाकिटात दुसऱ्याच छापखान्यातून आलेली पत्रके घालायची असतात. यंत्रात एका रांगेत खाचा असतात. प्रत्येक खाचेत एका जातीच्या पत्रकांची चळत. हवा ओढणारी रबरी तोंडे एकेक कागद उचलतात, तो पत्रावर पडतो आणि सारे मिळून पाकिटात जाते. कागद दमट असला तर दोन चिकटून येतात. तेव्हा जाडी मोजणारा भाग यंत्र थांबवतो. घडीची बंद बाजू उलटी आली तर कागद अडकतो. म्हणून पत्रके पुरवणाऱ्याने आधी नमुना पाठवायचा, चार कागद जास्तीचे द्यायचे आणि प्रत्येक खोक्यावर पत्रकाचे नाव व संख्या लिहायची. वजन गुंजभर वाढले तरी टपालाचा दर वरच्या पायरीवर जाऊ शकतो, म्हणून तेही तोलायचे. कोणाच्या पाकिटात कोणता कागद घालायचा, हे पत्राच्या कडेला छापलेल्या बारीक खुणा यंत्राला सांगतात. पाहा, यंत्रालासुद्धा कागदाचा धनी विचारावाच लागतो!

परंतु सुटा कागद टपालातच येतो असे नाही. कृषी केंद्रातून फवारणीचे औषध आणले की त्यासोबतही घडी घातलेले एक पत्रक येते. तेही दुसऱ्याच्या पोटात बसून प्रवास करणारे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली नियम झाले, त्यांनी ते सक्तीचे केले. कोणत्या किडीवर औषध मारायचे, ते कसे वापरायचे, विषबाधेची लक्षणे कोणती, पहिला उपचार कोणता, उतारा कोणता आणि रिकामा डबा कसा नष्ट करायचा, हे त्यात असते. जाहिरातीचा कागद आणि हा कागद दिसायला भाऊ भाऊ. म्हणूनच दोघांची गत एक होते, आणि तिथेच घात होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती: डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, दमट उन्हाळी हवा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, तोंडाला व हाताला संरक्षण नाही. पत्रक वाचले असते तर सारे टळले असते, असे मी म्हणणार नाही. पण पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या हाती बहुधा नुसते कालवलेले पाणी येते. पत्रक धुऱ्यावर पडून राहते. आणि हाती आलेच, तर मुंगीच्या पायाएवढी अक्षरे वाचायची कोणी?

गुरुजी, इथे तुमची गरज आहे. एके काळी खेड्यातले शिक्षक शाळेबरोबर गावचे पोस्टही सांभाळीत आणि आलेली चिठ्ठी वाचूनही दाखवीत. तेच काम आता पुन्हा करावे लागेल. फवारणीच्या दिवसांत मुलांना घरून असे पत्रक आणायला सांगा. मात्र पत्रकच, डबा नव्हे. विषबाधेची लक्षणे आणि पहिला उपचार फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. डब्यावरच्या तिरक्या चौकोनाचा रंगही शिकवा: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. आणि कोणाला विषबाधा झालीच, तर ते पत्रक रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावे, हे प्रत्येक घरी पोहोचवा. कारण औषध कोणते, हे डॉक्टरांना तोच कागद सांगतो.

आणि श्रोतेहो, यापुढे कोणताही सुटा कागद हाती आला तर फेकण्यापूर्वी विचारा: तू कोणाचा, कशासाठी आलास, आणि तुला जपायचे की टाकायचे? होड्या करायला जाहिराती पुष्कळ आहेत. औषधाचे पत्रक तेवढे डोळ्यांसमोर खुंटीला अडकवून ठेवा.