राजा हरिश्चंद्राचें चिरतारुण्य

सन १९११ च्या सुमारास गिरगांवांतील एका चित्रगृहांत ख्रिस्तचरित्राचा मूकपट चालू होता. प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके हे चाळिशी गांठलेले गृहस्थ बसले होते. पडद्यावर येशूचें चरित्र सरकत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें मात्र राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभीं राहूं लागलीं. चित्र पाहून डोळे पुसणारे पुष्कळ. चित्र पाहून कामास लागणारा विरळा. फाळके कामास लागले.

पण द्रव्य कोठें होतें? आयुष्याच्या विम्याचीं पत्रें गहाण पडलीं. १९१२ सालीं लंडनला जाऊन त्यांनीं ही विद्या डोळसपणें पाहिली व कॅमेरा विकत आणला. परत येतांच मटाराच्या रोपाची वाढ दाखविणारा छोटा चित्रपट काढून त्यांनीं भांडवलदाराची खात्री पटविली. सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने पुढें केले. फिल्मला भोंकें पाडणें, ती धुणें आणि सर्व मंडळींस जेवूं घालणें, हा भारही त्याच माउलीनें उचलला. तारामतीच्या कामास स्त्री मिळेना, तेव्हां उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. कल्याणपलीकडील वांगणी गांवीं चित्रण चाललें असतां ढालीतलवारी पाहून गांवकऱ्यांनीं या मंडळींस दरोडेखोर समजून पोलिसांस वर्दी दिली, अशी हकीकत सांगतात!

३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३७०० फूट. आज त्यांतील थोडाच भाग शिल्लक आहे. तरीही शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावर तो पाहावासा कां वाटतो? यंत्राच्या करामतींत तो आजच्या चित्रपटांपुढें बालक आहे. परंतु सत्यासाठीं राज्य, पत्नी व पुत्र यांस मुकणाऱ्या राजाची कथा पडद्यावर आणि त्या ध्यासासाठीं संसार पणास लावणारें कुटुंब पडद्यामागें, असा दुहेरी हरिश्चंद्र त्यांत दिसतो.

फाळक्यांनीं ख्रिस्तपटाची नक्कल केली नाहीं. त्यांतील ठिणगी घेऊन आपल्या घरचा दिवा लावला. त्या दिव्यावरून पुढें दुसरे दिवे लागले. २००९ सालीं परेश मोकाशी यांनीं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढली, ती याच धडपडीवर. आज घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींतून घरबसल्या हवा तो चित्रपट पाहतां येतो. त्यांतील एखादी संध्याकाळ मुलांसमवेत या जुन्या, मुक्या चित्रांस द्यावी. न जाणो, एखाद्या बालमनांत तीच ठिणगी पुन्हा पडेल.