डबलडेकर गेली, एसी आली. पण बस कुणाची? बेस्टच्या ताफ्याची शंभर वर्षं

कोपरगावातून आपल्या पॉडकास्टचा हा आणखी एक भाग. ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून काढलाय. बोलता बोलता लिहिलेलं आहे, तेव्हा भाषा थोडी इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

आजचा विषय मुंबईची बेस्ट बस. तुमच्या फोनवर कधी ना कधी ते रील आलं असेल. १५ सप्टेंबर २०२३, मुंबईची जुनी डिझेलवर चालणारी लाल डबलडेकर शेवटची धावली. हार घातलेली बस, फुगे, फोटो काढायला गर्दी, मागे हळवं गाणं. त्यानंतर लगेच दुसरं रील : नवी कोरी एसी इलेक्ट्रिक डबलडेकर. जुनं गेलं, नवं आलं, गोष्ट संपली.

गोष्ट तिथे संपत नाही. बसचा ताफा समजून घ्यायचा तर तीन प्रश्न विचारायला लागतात. बस कुठली? बस किती? आणि बस कुणाची? रील फक्त पहिल्याचं उत्तर देतं. आपण आज तिन्ही बघू.

आता कुणी म्हणेल, कोपरगावच्या माणसाला मुंबईच्या बसचं काय पडलंय? एक तर आपल्यातले कितीतरी जण नोकरीला, परीक्षेला, दवाखान्याला मुंबईला जातात आणि स्टेशनबाहेर पडले की बेस्टच्याच रांगेत उभे राहतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, पण ते शेवटी सांगतो.

सुरुवात घोड्यांपासून

मुंबईचा पहिला सार्वजनिक ताफा चाकांइतकाच खुरांवर चालायचा. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. त्या कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. म्हणजे आज आपण डेपोत किती गाड्या म्हणतो, तसं तेव्हा तबेल्यात किती घोडे हा हिशेब. चारा, पाणी, नालबंदी, आजारी घोडा बाजूला काढणं, हे तेव्हाचं मेंटेनन्स.

१९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. बेस्ट हे नाव या कंपनीच्या आद्याक्षरांचं. त्यातला 'ट' तेव्हा ट्रामवेजचा होता, पुढे तो ट्रान्सपोर्टचा झाला. आणि वीज नि वाहतूक एकाच घरात असणं हे नुसतं नावापुरतं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२० मध्ये डबलडेकर ट्राम आली. आणि मग १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटार बस धावली. सुरुवातीचा ताफा किती? २४ बस, ३ मार्ग. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे ६ लाख लोकांनी प्रवास केला आणि पुढच्या वर्षात हाच आकडा सुमारे ३८ लाखांवर गेला.

इथे एक गंमत आहे. आज बस म्हणजे सामान्य माणसाची सवारी असं आपण धरून चालतो. तेव्हा उलट होतं. ट्रामने म्युझियमपासून दादरपर्यंत दीड आण्यात जाता यायचं, तेवढ्याच अंतराला बसला चार आणे पडायचे. म्हणजे ट्राम गरिबाची आणि बस जरा खिसा गरम असलेल्याची. नवं वाहन आलं की ते आधी कुणासाठी येतं, हा प्रश्न १९२६ पासूनचा आहे.

डबलडेकरचं गणित

१९३७ मध्ये डबलडेकर बस आली. दिसायला ती ऐटबाज, पण ती आणण्यामागे साधं गणित होतं. दक्षिण मुंबईचे रस्ते वाढवता येत नव्हते आणि माणसं वाढत होती. मग रस्त्यावर जागा तेवढीच घेऊन वर आणखी एक मजला चढवायचा. चाळीवर मजला चढवावा तसं. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी लिमिटेड बस सुरू झाली, म्हणजे ठरावीक थांब्यांवरच थांबणारी. देशातली ती पहिली लिमिटेड मानली जाते.

७ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला आठ दिवस बाकी असताना ही खाजगी कंपनी मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. त्या वेळी ताफ्यात २४२ बस होत्या, २३ मार्ग होते आणि रोजचे प्रवासी सुमारे २ लाख ३८ हजार. म्हणजे कुणाची या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी बदललं. आधी भागधारकांची असलेली बस आता शहराची झाली.

पुढची तीस-चाळीस वर्षं हा ताफा वाढतच गेला, आणि त्यात प्रयोगही भरपूर झाले. ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू झाली. वर विजेच्या तारा, खाली रबरी टायर. म्हणजे आज आपण ज्याला इलेक्ट्रिक बस म्हणून नवलाईने बघतो, तिची एक चुलत आजी साठ वर्षांपूर्वी मुंबईत धावत होती! पण गाड्या सारख्या बंद पडायच्या आणि मार्च १९७१ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. दरम्यान ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. रूळ गेले, ट्रामची माणसंही आता बसच्या वाट्याला आली.

म्हणून नंतरच्या काळात डबलडेकर वाढत गेल्या. ड्रायव्हरची केबिन वेगळी आणि मागे जोडलेला दुमजली डबा, अशा ट्रेलर बसही मुंबईने पाहिल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सुमारे ९०० डबलडेकर होत्या. मग त्या गेल्या कुठे? डबलडेकरला कंडक्टर दोन लागतात, एक खाली, एक वर. डिझेल जास्त खाते. शिवाय फ्लायओव्हर, झाडं आणि तारांमुळे मार्ग निवडून घ्यावे लागतात. गाड्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि त्यांच्या जागी बहुतेक एकमजलीच घेतल्या. शेवटच्या डबलडेकरचं १५ वर्षांचं आयुष्य संपलं तो दिवस रीलमध्ये दिसला. पण तिच्या जाण्याचा निर्णय तुकड्यातुकड्याने कितीतरी आधी होऊन गेला होता.

एसी, सीएनजी आणि जांभळी बस

१९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन नव्या गोष्टी ताफ्यात आल्या. हवा स्वच्छ राहावी म्हणून सीएनजी बस आणि १९९८ मध्ये एसी बस. पुढे त्या जांभळ्या रंगाच्या एसी बस आल्या, मुंबईत राहिलेल्यांना आठवत असतील. कल्पना चांगली होती, गाडीवाल्या माणसाला बसमध्ये आणायचं. पण भाडं जास्त, गाड्या बिघडायच्या, तोटा वाढला आणि एप्रिल २०१७ मध्ये ती सेवा बंद झाली. नव्वद वर्षांनंतरही तोच प्रश्न : नवी बस नेमकी कुणासाठी?

तरीही २०१० च्या आसपास बेस्टचा ताफा साडेचार हजारांच्या वर होता. तिथून उतरण कशी लागली?

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. बेस्ट मुंबई शहर भागात वीजही विकते. बसचा तोटा विजेच्या पैशातून भरून निघायचा. एक भाऊ कमावता, दुसरा घर चालवणारा, खातं मात्र एकच, असं समजा. २००३ च्या वीज कायद्यानंतर हे एकत्र खातं कोर्ट आणि नियामक आयोगाच्या पायऱ्या चढत चढत तुटलं. विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का भरावा, हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण मग तो तोटा कोण भरणार, याचं पक्कं उत्तर कुणी आधी तयार ठेवलं नाही. जुन्या बस भंगारात निघत राहिल्या आणि त्या वेगाने नव्या घ्यायला पैसे उरले नाहीत.

विकत की भाड्याने?

२०१९ मध्ये दोन मोठे निर्णय झाले. ९ जुलैला किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं, एसीचं ६ रुपये. प्रवासी लगेच वाढले. आणि दुसरा निर्णय, 'वेट लीज'वर बस घेण्याचा. म्हणजे बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची. बेस्टने त्याला किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्यायचे आणि तिकिटाचे पैसे आपण ठेवायचे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. आमच्याकडे हाच वाद असतो. स्वतःचा सर्व्हर विकत घ्यायचा की क्लाउडवर भाड्याने? भाड्याने घेतला की एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही, तंत्रज्ञान जुनं झालं तर नुकसान दुसऱ्याचं. इलेक्ट्रिक बसची किंमत आणि बॅटरीची जोखीम बघता हा विचार काही वेडगळ नाही. या मार्गाने मुंबईला शेकडो इलेक्ट्रिक आणि एसी बस मिळाल्या, आणि एसी बस पहिल्यांदाच खरोखर सामान्य माणसाच्या खिशात बसली. हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण भाड्याच्या वस्तूचा एक नियम असतो : देणारा उठून गेला की वस्तूही जाते. २०२२ पासून एकामागोमाग काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून सेवा सोडली आणि एकेका वेळी शेकडो मिनी बस रस्त्यावरून गायब झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी काम थांबवलं, तेव्हा आठवडाभर मुंबईकर थांब्यांवर ताटकळले. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला, माणसं गेली, आणि कंत्राटी ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कुणाची हा प्रश्न सगळ्या शहरासमोर आला.

आकडे बघा. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या ३,३३७ बस राखायचं ठरलं होतं. २०२५ पर्यंत स्वतःच्या बस पाचशेच्या आत आल्या आणि भाड्याच्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या खाली गेला. इलेक्ट्रिक डबलडेकर ९०० आणायचं ठरलं होतं, फेब्रुवारी २०२३ पासून रस्त्यावर आल्या त्या सुमारे ५०. आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ चं १० झालं, एसीचं ६ चं १२.

म्हणजे रीलमध्ये जे दिसतं ते खोटं नाही. रीलमधली प्रत्येक बस आधीपेक्षा नवी आहे, गार आहे, धूर सोडत नाही. पण थांब्यावर उभ्या माणसाला बस किती नवी यापेक्षा ती किती वेळाने येते हे जास्त महत्त्वाचं. बस नवी झाली, पण बस कमी झाली.

मग भाडेतत्त्व वाईटच का? नाही. लंडनची लाल बस बघा, ती आज बहुतेक खाजगी कंपन्याच चालवतात आणि ताफा आठ हजारांहून मोठा आहे. फरक इतकाच की मार्ग, भाडं, दर्जा तिथली सार्वजनिक संस्था ठरवते, आणि एक कंपनी गेली तर त्या मार्गाची निविदा दुसरी घेते. भाड्याने घ्या, पण लगाम हातात ठेवा आणि पैसे कुठून येणार ते आधी ठरवा. नाहीतर घर सोडून लॉजवर राहायला जाण्यासारखं होतं.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट

सुरुवातीला म्हटलं होतं, दुसरं कारण शेवटी सांगतो. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून, नगर ते पुणे. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' सुरू झाली तीही पुणे-नगर मार्गावरच. त्यानंतर एसटीनेही ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घ्यायचं कंत्राट दिलं. गाड्या ठरल्या वेगाने आल्या नाहीत, आणि २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी कंत्राट रद्द करण्याची भाषा केली.

लक्षात आलं ना? मुंबईत जे प्रश्न आधी पडले, तेच आता लाल परीच्या दाराशी आलेत. आणि मुंबईत बस नाही आली तर लोकल आहे, मेट्रो आहे, रिक्षा आहे. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या गावातून कॉलेजला येणाऱ्या मुलीची सकाळची एसटी नाही आली, तर तिचं कॉलेजच बुडतं.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही नव्या बसचं उद्घाटन रीलमध्ये दिसलं की लाइक जरूर करा, बस छानच असते. फक्त कमेंटमध्ये तीन प्रश्न टाका. एकूण किती येणार? जुन्या किती जाणार? आणि कंत्राटदार गेला तर उद्या सकाळची फेरी कोण सोडणार?

तुमच्या गावाला येणारी एसटी गेल्या पाच वर्षांत वाढली की कमी झाली, ते आम्हाला लिहून कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. भेटूया!